मुराळ्याचा मुक्काम

जळगाव
८ फेब्रुवारी २०२६

ती. मामांना,

नमस्कार. पत्र लांबलं आहे, चष्मा शोधा आणि निवांत बसा. फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमचं 'हां, हां' मला पटत नाही, तेव्हा आपलं नातं पोस्टाच्या भरवशावर चाललंय. ऑफिसात सगळे हसतात. दिवसभर संगणकावर ठिबकचे नकाशे काढणारी मुलगी जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन पाकिटं चिकटवते म्हणून.

काम असं आहे. दोन वर्षांपूर्वी मी मनालीला स्कीचा कोर्स केला, आठवतंय ना? तुम्ही भेटायला आला नाहीत, पण बसच्या कंडक्टरबरोबर सफरचंदाची पेटी पाठवलीत. तर ते खूळ अजून उतरलेलं नाही. मी, माझी मैत्रीण पुनम आणि आमच्या ऑफिसातला कुंदन, अशी तिघं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या लाहौलमध्ये यायचं म्हणतोय. लिफ्टबिफ्ट नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावायच्या, त्यांच्यावर चालत डोंगर चढायचा आणि वरून घसरत खाली यायचं. तुमच्या फाटकाच्या अलीकडे उतार फार चांगले आहेत म्हणतात.

प्रश्न रस्त्याचा आहे. बोगदा झालाय, तिथपर्यंत गाडी येते हे मला ठाऊक आहे. पण बोगद्याच्या तोंडापासून तुमच्या फाटकापर्यंत एप्रिलच्या सुरुवातीला रस्ता खुला असतो का? इंटरनेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुम्ही बावीस वर्षं तिथे बर्फ कापायच्या मशीनवर बसलात आणि आता फाटकावर बसून 'खुला' की 'बंद' हा बोर्ड स्वतः लिहिता. तुमच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं आहे. अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, १९ एप्रिलला आहे. परतताना तुम्ही माझ्याबरोबर या. मुराळी होऊन आईला न्या. गल्लीतल्या सगळ्या बायांचे भाऊ आखाजीच्या आधी दारात येतात, रात्रभर राहतात, जेवतात आणि बहिणीला घेऊन जातात. आईचा मुराळी सतरा वर्षांत आला नाही. एरंडोलजवळचं तिचं माहेर धुळ्याहून एसटीने दीड तास, पण ती एकटी जायची नाही. "न्यायला कोणी उना नही, तर काय मी चोरासारखी जाऊ?" म्हणते. गावातले वनाकाका दरसाल घर झाडून ठेवतात, झोका बांधतात, आणि ती जात नाही.

आई बरी आहे. नोव्हेंबरपासून माझ्याकडे जळगावलाच आहे. मोठे आबा धुळ्याला एकटे पडलेत, पण हरकत नाही.

तारीख कळवा, म्हणजे तिकिटं काढते.

तुमची भाची,
दिपमाला


फाटक, लाहौल
२४ फेब्रुवारी

चि. दिपमाला हिस आशीर्वाद,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पायाला फळ्या बांधून डोंगरावर चढायचं आणि लगेच खाली यायचं, याला तुमच्या जळगावात सहल म्हणतात का? आमच्या इथल्या मजुराला सांगितलं तर तो म्हणेल, खालीच यायचं होतं तर वर कशाला गेली पोरगी.

असो. रस्त्याचं विचारलंस ते बरं केलंस. बोगदा आहे तो आहे, पण बोगद्याच्या पुढे चार नाले आहेत आणि चारही नाल्यांतून वरचं बर्फ सुटून रस्त्यावर येतं. एक साफ करावा तोवर दुसरा भरतो. यंदा बर्फ उशिरा पडलं आणि पडलं ते ओलं पडलं. हे बर्फ वाईट. वरून शांत दिसतं आणि दुपारी ऊन लागलं की अख्खं अंगावर येतं. मशीनवर असताना माझ्यापुढे दोन वेळा आलंय.

त्यामुळे फाटकापर्यंतचा रस्ता मेच्या पंधरा तारखेआधी काही खुलत नाही. तू येऊ नकोस. तुझ्या सोबत्यांनाही सांग. काश्मीरकडे जा, तिकडे सोय चांगली आहे.

आखाजीचं म्हणशील तर रस्ताच बंद, त्याला मी काय करू. ताईला माझा नमस्कार सांग. तिला माहीत आहे इथलं.

तुझा मामा,
कौतिक

ता. क. तिकिटं काढली असतील तर रद्द कर. उगीच आशेवर राहू नको.


जळगाव
१२ मार्च

ती. मामांना,

नमस्कार. हुकूम मानला, तिकिटं रद्द केली. पुनम दोन दिवस बोलली नाही. कुंदन म्हणाला, "तुझ्या मामांचा रस्ता बंद असेल, मी माझा बघतो." तो एकटाच येणार आहे. हट्टी आहे. फाटकावर तोंड पाडून आला तर त्याला चहा तेवढा पाजा, मी भाची आहे हे सांगू नका.

आईला पत्र वाचून दाखवलं. ओल्या बर्फाचं तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "रस्ताच बंद शे, तर तो काय करीन?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला तुमचा राग आला नाही, बर्फाचा आला. इथे पारा अडतीसवर गेलाय आणि मी बर्फाला शिव्या घालतेय.

तरी एक विचारते. रजा मिळत असेल तर बोगद्यापर्यंत चालत येता येत नाही का? चार नालेच ना? मी फक्त विचारतेय. आईने विचारायला सांगितलेलं नाही.

मला आता पूर्वीसारखं वरचेवर लिहायला जमत नाही, दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये आठवड्याचे तीन दिवस जातात.

दिपमाला


फाटक
२७ मार्च

चि. दिपमाला हिस आशीर्वाद,

दवाखाना कोणाचा? तीन दिवस कशासाठी? तुझ्या पत्रात तू असं एक वाक्य टाकतेस आणि पुढे सही करतेस. लवकर लिही.

त्या कुंदनला येऊ देऊ नको. रस्ता बंद आहे.

कौतिकमामा


जळगाव
११ एप्रिल

मामा,

हे पत्र हाताने लिहितेय, त्याचा फोटो काढून कुंदनच्या मोबाईलवर पाठवतेय. तो अजून तुमच्याच बाजूला आहे. तो फाटकावर येऊन तुम्हाला दाखवील. पोस्टाने आठ दिवस लागतील, आणि तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत.

परवा कुंदनने फोटो पाठवला. खांद्यावर स्की, मागे फाटक, फाटकाला बोर्ड. 'यहाँ तक रास्ता खुला. आगे बंद.' खाली खडूने तारीख. ते अक्षर मी ओळखते मामा, माझ्या कपाटात त्या अक्षरातली चाळीस पत्रं आहेत. बोर्डाशेजारी थर्मास घेऊन तुम्ही उभे. मी त्याला विचारायला लावलं, रस्ता कधीपासून खुला आहे. तुम्ही त्याला सांगितलंत, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून, मध्ये दोनच दिवस बंद होता. त्याला खरं सांगितलंत. अनोळखी माणसाला खरं आणि मला खोटं.

स्कीचं जाऊ द्या. मी बर्फ पुन्हा बघीन. पण मी तुमच्या शब्दावर आईला सांगितलं की मामा येऊ शकत नाहीत.

मी रागाने तिला फोटो दाखवला. वाटलं होतं, तिलाही राग येईल. तिने चष्मा लावला, फोटो जवळ धरला आणि म्हणाली, "किती वाळी गया मन्हा भाऊ." मी म्हटलं, आई, अगं रस्ता उघडा आहे. तर म्हणे, "माले ठाऊक शे. रस्ता महिनाभर बंद ऱ्हास, सतरा वरीस नही." बोगद्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हापासून तिला कळलेलं आहे. त्याच्याही आधीपासून. आणि तरी ती दरसाल मोठ्या आबांना, शेजारच्या बेबाबाईला, सगळ्या धुळ्याला सांगत राहिली की भावाचा रस्ता बंद आहे, तो तरी काय करील बिचारा. तुमची लाज ती राखत होती.

आता दवाखान्याचं. आईच्या किडन्या गेल्यात. नोव्हेंबरपासून डायलिसिस चालू आहे. तुम्हाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. "आजारी शे म्हनीसन देखाले येईन, ते माले नको. यी तर मुराळी म्हनीसन यी." मी शपथ मोडतेय. गेल्या दोन वेळा तिचं बीपी मध्येच एकदम खाली आलं.

आखाजी रविवारी, १९ ला आहे. तुम्ही का येत नाही ते मला कळत नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. यायचं असेल तर या.

दिपमाला


फाटक
१२ एप्रिल

दिपमाला,

तुझा कुंदन समोर बसलाय, तोच या कागदाचा फोटो काढून तुला पाठवील. पोरगा चांगला आहे, मी वाचत होतो तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिला.

खोटं बोललो. आता खरं लिहितो, आईला वाचून दाखव किंवा नको दाखवू, तुला वाटेल तसं कर.

२००९ ची आखाजी. मी सुट्टीवर आलो, ताईला न्यायला धुळ्याला निघालो. तेव्हा मी प्यायचो. इथे थंडीसाठी म्हणून सुरू केली आणि थंडी नसली तरी चालू राहिली. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तो सरळ चालता येत नव्हतं. तसाच तुमच्या दारात गेलो. तुमची ओसरी भरलेली होती, दुसऱ्या सुनांचे मुराळी पंगतीला बसलेले. मी ताटावर पडलो. तुझे आजोबा, म्हणजे मोठे आबा, पंगतीतून उठले. मला उचलून गोठ्याशेजारी झोपवलं आणि ताईला म्हणाले, हा मुराळी तुला नेणार की तू याला? बायका हसल्या. तू नऊ वर्षांची होतीस, तुला कदाचित आठवत असेल.

सकाळी ताई थैली भरून तयार बसली होती, तशाही भावाबरोबर जायला. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी मागच्या दाराने निघून आलो.

पुढच्या वर्षी लिहिलं, रस्ता बंद आहे. ताईने उलट टपाली कळवलं, काळजी घे. ते सोपं गेलं. मग दरसाल तेच. दारू सोडून अकरा वर्षं झाली. ती सोडता आली, पण हे नाही. दरसाल मार्चात ठरवायचो की यंदा जायचं, आणि आखाजीपर्यंत काही ना काही कारण शोधायचो. त्या ओसरीवर पुन्हा पाय कसा ठेवायचा, एवढंच डोक्यात यायचं. तू येणार म्हणालीस तेव्हा भ्यालो. तू आलीस की रस्ता बघशील, आणि मग सगळं उघडं पडेल.

रजा लिहून दिली. चौदाला सकाळी निघतो. दिल्लीहून गाडी मिळेल ती धरतो. अठराला तिकडे असेन. ताईला सांग मुराळी येतोय. आजाराचं मला माहीत नाही असंच मी वागेन, तेवढं येतं मला.

कौतिक


फाटक, लाहौल
२० मे

चि. दिपमाला,

तेराव्यानंतर मी न सांगता निघालो. सगळ्यांच्या देखत तू मला पाणी दिलंस, ताट वाढलंस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. बरोबर केलंस. तुझं काहीच चुकलं नाही.

तरी झालं कसं ते तुला माझ्या हातचं कळावं म्हणून लिहितो. लोकांनी काहीबाही सांगितलं असेल.

अठराला सकाळी साडेनऊला मी जळगाव स्टेशनवर उतरलो. तू पत्ता दिला होतास, रिक्षावाला म्हणाला दोन किलोमीटर. मी रिक्षात बसलो देखील. मग उतरलो.

माझ्या मनात आलं, मुराळी बहिणीला लेकीच्या भाड्याच्या घरातून नेत नाही. सासरच्या दारातून, मोठ्यांना विचारून नेतो. आणि ज्या ओसरीवर मी तिला मान खाली घालायला लावली, ती ओसरी चढल्याशिवाय मी तिच्यापुढे गेलो, तर तो पाहुणा झाला, मुराळी नाही. तिला मुराळी पाहिजे होता. तू तसंच लिहिलं होतंस. मी म्हटलं, सतरा वर्षांनी करतोय तर रीतसर करू. एका दिवसाने काय होतं.

म्हणून मी स्टँडवर जाऊन धुळ्याची एसटी धरली. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा आपल्या गावाकडचा फाटा दिसला. वनाला निरोप देऊन ठेवला, झोका बांध, उद्या ताईला आणतो.

तुझे मोठे आबा, रतिलालआबा, ओसरीवरच होते. मला वाटलं ओळखणार नाहीत. त्यांनी उठून पाय धुवायला पाणी दिलं. मी त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, ताईला न्यायला आलोय, हुकूम द्या. ते काय म्हणाले मला नीट ऐकू आलं नाही, पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बेबाबाई आणि आणखी चार बाया बघायला आल्या. खापरावर पुरणाच्या मोठ्या पोळ्या, म्हणजे आपली मांडी केली, आमरस केला. आखाजी दुसऱ्या दिवशी होती, तरी मुराळ्यासाठी आधीच केलं. मी संध्याकाळी पंगतीला बसून जेवलो. बाई, खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत तसं जेवलो नव्हतो. जेवण झाल्यावर निघतो म्हटलं, तर आबांनी हात धरून बसवलं, मुराळी मुक्काम केल्याशिवाय जातो का? मीही राहिलो. शेवटची गाडी सहज मिळत होती.

सकाळी चहा घेत होतो. आबांनी फोन घेतला, मग आत जाऊन कागद आणला आणि त्यावर लिहून माझ्यापुढे धरलं.

तुझी सहल मी घालवली, तुझ्या आईची सतरा वर्षं घालवली आणि उरलेला एक दिवस होता तो माझा मान परत मिळवण्यात घालवला. दोन किलोमीटर होते. मी रिक्षात बसलेलो होतो, दिपमाला.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

कौतिक


जळगाव
२ जून

ती. मामांना,

नमस्कार. उत्तर देते. तेराव्याला मी तुमच्याकडे बघितलं नाही ते रागाने नव्हे. मला तोंड नव्हतं. तुमचं पत्र आल्यापासून पाच कागद फाडले.

सतरा तारखेला डायलिसिस चालू असताना आईचं बीपी खूप उतरलं, त्यांनी तिला ठेवून घेतलं. अठराला दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या, उद्याचं सांगता येत नाही. मी तुमची वाट बघत होते. गाडी आली की चौकशी करत होते. तुम्ही आला नाहीत, तेव्हा मी मनात म्हटलं, पुन्हा तेच.

संध्याकाळी सातला मोठ्या आबांचा फोन आला. हसत होते. म्हणाले, ताईबाईला सांग, तिचा मुराळी आलाय, माझ्यासमोर पंगतीला बसलाय.

मी फोन आईच्या कानाला लावला. आबांनी तिला सगळं सांगितलं. तुम्ही पाया पडलात, हुकूम मागितलात, बाया बघायला आल्या. मामा, आई उठून बसली. दोन दिवस ती उशीवरून मान उचलत नव्हती. "मन्हा भाऊ ओसरीवर जेवस?" असं तिने तीनदा विचारलं. मांडी केली का, तूप वाढलं का, कोण कोण बघायला उनं. मग म्हणाली, "पोटभर जेवाडा त्याले. रात ऱ्हाऊ द्या. मुराळी घाईमा जास का? सकाये येऊ द्या." नर्सला सांगितलं, उद्या मला माहेरी जायचंय. मला थैली भरायला लावली. हिरवं लुगडं वर ठेव म्हणाली.

मग आबांनी मला विचारलं, "ताईबाई बरी आहे ना? काही घाई नाही ना? गाडी आहे दाराशी, म्हणशील तर आत्ता पाठवतो त्याला."

दोन तासांचा रस्ता आहे. नऊ-सव्वानऊला तुम्ही इथे असतात. ती पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी गेली, आणि अकरा-साडेअकरापर्यंत चांगली बोलत होती. तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण ती बोलली असती आणि तुम्ही तिचा हात धरला असता.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं. आबांना माहीत नव्हतं, तुम्हाला नव्हतं, आईलाही नव्हतं. एकट्या मला. आणि मी आबांना म्हणाले, "नाही, घाई नाही. राहू द्या त्यांना."

का म्हणाले ते मी दीड महिना शोधतेय. आई इतकी खुशीत होती, की तुम्हाला पंगतीवरून उठवून आणलं तर तिला कळलं असतं आपलं काय चाललंय, असं स्वतःला सांगते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं असं, की ती सतरा वर्षं थांबली, तर यांनाही एक रात्र थांबू दे, असं माझ्या मनात आलं होतं. क्षणभरच आलं. पण मी फोन तेवढ्यातच ठेवला.

नऊ वाजता पुन्हा लावायचा होता. आई शेजारी बोलत होती, माहेरच्या विहिरीचं, झोक्याचं, तुम्ही लहानपणी तिची वेणी झोक्याला बांधली होती त्याचं. मला उठावंसं वाटलं नाही.

तुम्ही पत्रात सगळा दोष स्वतःकडे घेतलाय आणि माझं काहीच चुकलं नाही असं लिहिलंय. ते वाचल्यापासून जेवण जात नाही. मी तुम्हाला बोगद्यावरून, बोर्डावरून केवढं बोलले! तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा तुम्हाला काही माहीत नव्हतं. मी सगळं माहीत असताना बसून राहिले.

हे मोठ्या आबांना अजून सांगितलेलं नाही. कुंदनलाही नाही. पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय.

आता तुम्ही मला रागवा, मामा. आशीर्वाद लिहू नका, समजूत घालू नका. चांगलं दोन कागद भरून रागवा. मला रागवेल असं आता दुसरं कोणी नाही.

दिपमाला